विषवायू आणि पॅलॅडियम : एका सोयरिकीचा इतिहास

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, पानिपत येते, अर्थसंकल्पाची चिरफाड तर दरवर्षी येते. रसायनशास्त्राला मात्र येथे क्वचितच पाचारण होते, आणि झालेच तर मागच्या रांगेतले श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. रसायनशास्त्रज्ञ आपल्या शास्त्राची कथा सूत्रांच्या भाषेत सांगू लागला की कथा बाजूला राहते आणि फळा तेवढा भरतो. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात आम्ही फळ्याला हात लावला नाही, आणि या लेखातही सूत्रे घातलेली नाहीत. आम्हांला सांगावयाचा आहे तो एका सोयरिकीचा इतिहास. वधू एक प्राणघातक वायू आणि वर एक मौल्यवान धातू. ही सोयरीक जुळण्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली, आणि तिच्या संततीपैकी एक तरी वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातल्या औषधांच्या डब्यात असण्याचा संभव आहे.

आरंभ घरातूनच करू. ज्यांचे बालपण वाड्यांतून गेले त्यांना लोखंडी शेगडी आठवत असेल. कोळसे नुकते पेटू लागले म्हणजे त्यांच्यावर निळसर ज्योती नाचत. आमच्या घरची वडीलधारी मंडळी त्या ज्योती असेपर्यंत शेगडी अंगणातून आत आणू देत नसत. "नीट फुलू देत, मग आण," असा दंडक होता. तो कोठून आला हे त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारले असते तर सांगता आले असते असेही नाही. ती निळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या वायूचे जळणे. कोळशाला प्राणवायू पुरेसा मिळाला नाही की कर्बाच्या एका अणूला प्राणवायूचे दोन अणू लाभण्याऐवजी एकच लाभतो, आणि हा अर्धपोटी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसे फुलल्यावरही तो निघतच राहतो, तेव्हा अंगणातला तो दंडक अर्धाच उपयोगी होता. दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवण्याच्या चालीने किती जिवांना धोका झाला असेल याची मोजदाद कोणीच केलेली नाही. शेगड्या गेल्या, पण वायू गेला नाही. हल्ली बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅसच्या गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, त्या याच वायूच्या होत.

हा वायू मारतो कसा, हे समजून घेतले म्हणजे पुढची सारी कथा समजते. आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्यात लोहाचे अणू असतात. श्वासातला प्राणवायू त्यांच्यावर बसून शरीरभर प्रवास करतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच लोहावर प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींहून अधिक आवडीने बसतो आणि लवकर उठत नाही. जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले, आणि खाणकामगारांनी खाली जाताना लहान प्राणी वा पक्षी सोबत न्यावेत असे सुचवले. म्हणजे या वायूचा दुर्गुण एकच : धातू दिसला की त्याला चिकटणे. लोहाच्या बाबतीत हा दुर्गुण आपला प्राण घेतो. पॅलॅडियमच्या बाबतीत तोच गुण ठरला.

आता वराकडे वळू. त्याच्या जन्माची कथा इतकी विलक्षण आहे की ती थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. इ. स. १८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या काही शास्त्रज्ञांच्या हाती एक छापील पत्रक पडले. 'पॅलॅडियम अथवा नवे रूपे' या नावाच्या एका धातूचे गुणधर्म त्यात दिले होते, आणि तो सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवर मिसेस फॉर्स्टर यांच्या दुकानात विकत मिळेल असे लिहिले होते. पाच शिलिंगांपासून एका गिनीपर्यंत पुड्या होत्या. शोधकाचे नाव कोठेही नव्हते. नव्या मूलद्रव्याची घोषणा वाण्याच्या दुकानातल्या मालासारखी झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. रिचर्ड चेनेविक्स या आयरिश रसायनज्ञाला हा प्रकार लबाडीचा वाटला. त्याने दुकानात जाऊन माल विकत घेतला, प्रयोग केले, आणि हा धातू नवा नसून प्लॅटिनम व पारा यांचे मिश्रण आहे असे रॉयल सोसायटीपुढे जाहीर केले. त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. तेव्हा त्या अज्ञात शोधकाने आणखी एक निनावी जाहिरात दिली : जो कोणी हा धातू कृत्रिम रीतीने तयार करून दाखवील त्यास वीस पौंड बक्षीस. बक्षीस मागण्यास कोणी आले नाही. अखेर १८०५ साली विल्यम हाइड वोलॅस्टन याने, म्हणजे रॉयल सोसायटीच्या चिटणिसानेच, तो शोधक आपण असल्याचे कबूल केले. प्लॅटिनमचे खनिज शुद्ध करताना उरलेल्या द्रावणात त्याला हा धातू सापडला होता. नुकत्याच दिसलेल्या पॅलास या लघुग्रहावरून त्याने त्याचे नाव ठेवले.

बिचाऱ्या चेनेविक्सची आम्हांला थोडी कीवच येते. निनावी पत्रकावर विश्वास न ठेवणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच होते. वोलॅस्टनने मात्र आपल्या व्यवसायाचे गुपित राखण्यासाठी एका सहकाऱ्याला भर सभेत चुकू दिले. असो.

पॅलॅडियम आणि कार्बन मोनॉक्साइड यांची पहिली ओळख झाली ती हेराच्या आणि गुन्हेगाराच्या नात्याने. पॅलॅडियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेला कागद या वायूत धरला की काळा पडतो, कारण वायू क्षारातील धातूला मोकळे करतो आणि धातूची बारीक काळी भुकटी कागदावर उतरते. वायूची चाहूल घेण्यासाठी ही युक्ती बराच काळ वापरली गेली. या काळ्या भुकटीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. ती पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा ती संशोधकांची डोकेदुखी झालेली असेल.

धातू आणि हा वायू एकत्र येऊन काहीतरी घडवू शकतात, हे प्रथम ध्यानात आले ते निकेलच्या निमित्ताने. जर्मनीतून इंग्लंडात जाऊन स्थायिक झालेला लुडविग मोंड हा सोड्याचा कारखानदार होता. त्याच्या कारखान्यात निकेलच्या झडपा काळ्या पडून खराब होऊ लागल्या. कारण शोधताना त्याच्या व कार्ल लँगर या सहकाऱ्याच्या लक्षात आले की तापलेल्या निकेलवरून गेलेला कार्बन मोनॉक्साइड वेगळ्याच रंगाच्या ज्योतीने जळतो. वायू निकेलच्या अणूंना उचलून नेत होता. १८९० साली त्यांनी निकेल कार्बोनिल हे संयुग प्रसिद्ध केले. तो चक्क एक द्रव निघाला, ४३ अंशांवर उकळणारा. घन जड धातू वाफ होऊन नळीतून वाहतो हे पाहून लॉर्ड केल्व्हिन यांनी मोंडने धातूंना पंख दिले अशा आशयाचे उद्गार काढल्याचे सांगतात. हे संयुग अत्यंत विषारी आहे, तरी त्यावरच वेल्समधील क्लायडॅक येथे निकेल शुद्ध करण्याचा कारखाना १९०२ साली उभा राहिला.

पण मोंडला धातू हवा होता. कर्बाची संयुगे घडविण्यासाठी या वायूचा उपयोग करण्याचे काम पुढे जर्मनीतच झाले. तेथे कोळसा मुबलक आणि खनिज तेलाचा तुटवडा. कोळशापासून मिळणाऱ्या वायूंतून सर्व काही करावयाचे हा त्या देशाचा जणू ध्यास होता. १९३८ साली ऑटो रोलेन याला ओबरहाउझेनमध्ये दिसले की कोबाल्टच्या सान्निध्यात इथिलीन, हायड्रोजन आणि हा वायू यांच्यापासून अल्डिहाइड मिळते. लुडविग्सहाफेन येथे वाल्टर रेप्पे याने ॲसिटिलीन व निकेल घेऊन ॲक्रिलिक आम्लासारखी द्रव्ये बनवली, आणि कार्बन मोनॉक्साइड रेणूत घुसविण्याच्या या क्रियेला 'कार्बोनिलीकरण' हे नाव रूढ केले. युद्धामुळे त्याचे बरेचसे काम गुप्त राहिले आणि युद्धानंतर एकदम बाहेर आले. कर्ब आणि प्राणवायू यांच्या या जोडीला कार्बोनिल म्हणतात. शिरक्यात, चिंचेच्या आंबटात, तुपाच्या स्निग्धाम्लांत, ॲस्पिरिनमध्ये, टेरिलीनच्या धाग्यात ही जोडी आहे. ती ज्याला हवी तेथे बसवता आली त्याला रसायनज्ञाच्या निम्म्या कामाची किल्ली सापडली म्हणावयाचे.

पण जर्मन किल्ली अवजड होती. कोबाल्टची क्रिया चालण्यास वातावरणाच्या दोनशे-तीनशे पट दाब लागे. जाड पोलादी भांडी, भोवती विटांची भिंत, आत विषारी वायू आणि विषारीच धातुसंयुगे. मोठ्या कारखान्याला हे परवडते. काचेच्या चंबूत शंभर मिलिग्रॅम औषध घडविणाऱ्या संशोधकाला नाही.

येथे पॅलॅडियमचा प्रवेश होतो, तोही आडदाराने. १८९४ साली फ्रान्सिस फिलिप्स या अमेरिकन रसायनज्ञाने नोंदवले होते की पॅलॅडियम क्लोराइडच्या द्रावणात इथिलीन सोडले तर ॲसिटाल्डिहाइड होते आणि धातू काळी भुकटी होऊन खाली बसतो. कोणी लक्ष दिले नाही. जितके ॲसिटाल्डिहाइड तितकाच मौल्यवान धातू वाया, हा कसला धंदा? साठ वर्षांनंतर म्युनिकमध्ये वाकर कंपनीच्या संशोधनसंस्थेत युर्गेन श्मिट, वाल्टर हाफनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रावणात तांब्याचा क्षार घातला. तांबे काळ्या भुकटीला पुन्हा विरघळवते आणि हवेतील प्राणवायू तांब्याला पुन्हा ताजे करतो. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि एक चिमूटभर धातू टनावारी माल काढू लागला. धातू एकदा वापरून फेकून देण्याची वस्तू नसून तो परत कामावर येतो, हा धडा साऱ्या जगाने येथे घेतला.

जपानमधील कामाकुरा येथे तोरे या कापड-धाग्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जिरो त्सुजी हा तरुण रसायनज्ञ काम करीत होता. १९२७ चा जन्म, शिक्षण काही काळ अमेरिकेत. वाकरच्या क्रियेत कर्ब आणि प्राणवायू यांचा बंध जुळतो. मग कर्ब आणि कर्ब यांचा का जुळू नये, असा त्याने प्रश्न केला. आम्हांला वाटते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुपीक प्रश्न हाच. १९६३ साली त्याने सहकाऱ्यांसह दाखवले की इथिलीन व पॅलॅडियम क्लोराइड यांच्या संयुगावर कार्बन मोनॉक्साइड सोडला की तो वायू रेणूच्या सांगाड्यात शिरतो आणि तीन कर्बांचे आम्ल-क्लोराइड मिळते. दोन कर्बांचे तीन झाले, तिसरा कर्ब त्या विषारी वायूतला. पुढच्या काही वर्षांत त्याने आणखी अनेक प्रकारच्या संयुगांवर हीच क्रिया करून पाहिली, आणि १९६५ मध्ये कर्ब-कर्ब बंधाची दुसरी एक सुप्रसिद्ध क्रियाही दिली. याच सुमारास रेप्पेच्याच लुडविग्सहाफेनमध्येही लोक जागे झाले होते; १९६८ साली तेथील संशोधकांनी फॉस्फिन या सहायक द्रव्यासह पॅलॅडियम वापरून सौम्य तापमानाला कार्बोनिलीकरण केल्याचे जाहीर केले.

फॉस्फिनचे काम काय, ते सांगितले पाहिजे. पॅलॅडियमचे अणू मोकळे सोडले तर ते एकमेकांना धरून काळ्या भुकटीच्या रूपाने तळाशी बसतात आणि संपावर जातात. त्यात कार्बन मोनॉक्साइड तर इतका लघळ की तो जास्त झाला की धातूला चारी बाजूंनी घेरून त्याची कामाची जागाच अडवतो. रक्तातील लोहाचे करतो तेच येथेही. फॉस्फिनचे रेणू धातूभोवती उभे राहून त्याला गटात मिसळू देत नाहीत, आणि वायूला बसू देतात पण ठाण मांडू देत नाहीत. सासर-माहेरच्या मंडळींना योग्य अंतरावर ठेवणारा एखादा शहाणा मामा लग्नघरात असतो, तसे हे द्रव्य.

आता अमेरिकेत. डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे हर्क्युलिस कंपनीत रिचर्ड हेक १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रुजू झाला. प्रथम त्याने डेव्हिड ब्रेस्लो याच्यासह रोलेनची कोबाल्टची क्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते याचा उलगडा केला. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजून पाठ्यपुस्तकांत तसाच शिकवला जातो. त्याच कंपनीत पॅट हेन्री वाकरच्या क्रियेचा अभ्यास करीत होता. एकाकडे कार्बन मोनॉक्साइडचे ज्ञान, दुसऱ्याकडे पॅलॅडियमचे. हेक पॅलॅडियमकडे वळला. १९७१ साली तो कंपनी सोडून डेलावेअर विद्यापीठात गेला आणि १९७४ मध्ये त्याने विद्यार्थ्यांसह लागोपाठ प्रबंध प्रसिद्ध केले, तेच आमच्या विषयाचे खरे केंद्र होत.

त्यांत काय घडते ते एका उदाहरणाने पाहू. बेंझीनचे षट्कोनी कडे घ्या, त्याच्या एका कोपऱ्याला ब्रोमीनचा अणू लटकलेला आहे. पॅलॅडियमचा अणू कडे आणि ब्रोमीन यांच्या मध्ये शिरतो. एका हाती कडे, दुसऱ्या हाती ब्रोमीन. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू, धातू दिसला की चिकटावे या आपल्या स्वभावानुसार, धातूच्या शेजारी येऊन बसतो. मग कडे हळूच धातूचा हात सोडून शेजारच्या या पाहुण्याच्या कर्बाचा हात धरते. सारी किमया या एका जागाबदलात आहे. आता धातूच्या हाती नुसते कडे उरत नाही. कडे अधिक कार्बोनिल अशी जोडी असते. त्या पात्रात मद्यार्क असेल तर तो ही जोडी उचलतो आणि एस्टर तयार होते. सुटलेले आम्ल शोषून घेण्यास एक अमाइन ठेवलेले असते. पॅलॅडियम रिकाम्या हातांनी पहिल्या जागी परत येते आणि पुढच्या कड्याकडे वळते. मद्यार्काऐवजी पाणी ठेवा, आम्ल मिळेल. हायड्रोजनयुक्त अमाइन ठेवा, अमाइड मिळेल. हायड्रोजन वायू ठेवा, अल्डिहाइड मिळेल.

आणि दाब किती? एस्टरसाठी एक वातावरण. म्हणजे आपण आता ज्या हवेत बसलो आहोत तिच्याइतका. तापमान शंभर अंश किंवा त्याहून कमी, म्हणजे चहाच्या आधणाइतके. जेथे रोलेनला विटांची भिंत लागत होती तेथे हेकला काचेचा चंबू पुरला. सर्वच क्रिया इतक्या सौम्य झाल्या असे मात्र नव्हे. अल्डिहाइडसाठी हेकलाही ८० ते १०० वातावरणांचा दाब लागला, आणि तो त्याने न लपवता लिहिला.

२०१० साली पॅलॅडियमच्या साह्याने कर्ब जोडण्याच्या क्रियांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्सुजी तेव्हा हयात होते. पारितोषिक तिघांतच वाटण्याचा नियम आहे, आणि समितीने विषयाची मर्यादा आखून घेतली होती, हे खरे. तरी आमच्या मते पॅलॅडियमने कर्बाला कर्ब जोडता येतो हे ज्याने सर्वांआधी पाहिले त्याचे नाव त्या वर्षी घेतले गेले नाही, ही गोष्ट मनाला लागते. हेक निवृत्तीनंतर पत्नीच्या देशात, फिलिपीन्समध्ये, राहावयास गेला होता. २०१५ साली मनिला येथे त्याचे निधन झाले.

औषधाच्या डब्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो आता पुरा करतो. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्टुअर्ट ॲडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी संधिवातावर सौम्य औषध शोधताना शेकडो द्रव्ये तपासली आणि १९६१ मध्ये आयब्युप्रोफेनचे पेटंट मागितले. १९६९ साली ते ब्रुफेन नावाने इंग्लंडात विक्रीस आले. रात्री मेजवानी जास्त झाल्याने सकाळी भाषणापूर्वी ॲडम्सने स्वतःच मोठी मात्रा घेऊन डोकेदुखी घालवली, ही गोष्ट तो स्वतः सांगत असे. बूट्सची कृती सहा पायऱ्यांची होती. प्रत्येक पायरीवर काही अणू उपयोगी पडत आणि काही टाकाऊ होत. हिशेब केला तर वापरलेल्या सर्व द्रव्यांच्या वजनापैकी जेमतेम चाळीस टक्के औषधात उतरे. उरलेला गाळ, त्यात ॲल्युमिनियमच्या क्षारांचा चिखल, कोठेतरी टाकावाच लागे. १९८० नंतरच्या दशकात पेटंटची मुदत संपली, प्रतिस्पर्धी उभे राहिले, आणि बूट्सने हेक्स्ट सेलानीज या कंपनीशी भागी करून नवी कृती शोधली. तिच्यात तीनच पायऱ्या आहेत. तिसरी पायरी म्हणजे आमचे पॅलॅडियम : एका मद्यार्कात कार्बन मोनॉक्साइड घालावयाचा, की थेट औषध. अमेरिकेत टेक्सासमधील बिशप येथे १९९२ पासून वर्षाला ३,५०० टन क्षमतेचा कारखाना या कृतीवर चालू झाला. वाया न जाणाऱ्या अणूंचे प्रमाण सत्त्याहत्तर टक्क्यांवर गेले, आणि पहिल्या पायरीत सुटणारे ॲसिटिक आम्ल परत मिळवले तर नव्व्याण्णववर. १९९७ साली या कृतीला हरित रसायनाचे अमेरिकन अध्यक्षीय पारितोषिक मिळाले. पहिल्या पायरीत हायड्रोजन फ्लुओराइड हे अत्यंत दाहक द्रव्य वापरावे लागते, हेही येथे सांगितले पाहिजे; पारितोषिकाच्या बातम्यांत ते सहसा येत नाही.

एक छोटा हिशेब श्रोत्यांना आवडला होता, तो येथे देतो. आयब्युप्रोफेनच्या रेणूचे वजन २०६ मानले तर त्यात कार्बन मोनॉक्साइडमधून आलेला भाग २८ भरतो. म्हणजे या मार्गाने केलेल्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ५४ मिलिग्रॅम वजन त्या विषवायूचे आहे. सभेतील एका वृद्ध गृहस्थांनी लगेच विचारले, "मग ती गोळी विषारी नाही का?" प्रश्न रास्त होता. वायू रेणूत बांधला गेला की तो वायू राहत नाही. मिठात क्लोरीन असतो म्हणून मीठ कोणाला मारत नाही, तसेच हे. बाजारातील सर्वच गोळ्या या कृतीने होतात असे मात्र नाही. बूट्सच्या आणि अन्य मार्गांनीही त्या बनतात.

या क्रियेत आमच्या महाराष्ट्राचाही हात लागलेला आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तेथे रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात आयब्युप्रोफेन व नॅप्रोक्सेन या वर्गातील औषधांसाठी याच तिसऱ्या पायरीचा अभ्यास केला. अडचण अशी की कार्बन मोनॉक्साइड रेणूच्या दोन जागी शिरू शकतो. एका जागी शिरला तर औषध, दुसऱ्या जागी शिरला तर निरुपयोगी भावंड. पॅलॅडियमसोबत आम्ल आणि क्लोराइड यांचे योग्य प्रमाण राखून जवळजवळ सर्व वायू हव्या त्याच जागी पाठविणारी उत्प्रेरके त्यांनी शोधली. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतही या विषयावर पुढे पुष्कळ काम झाले आहे.

हॉलंडमधील शेल कंपनीच्या ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगशाळेत एइटे ड्रेंट याला १९८० नंतर जे दिसले ते आम्हांला अद्याप गमतीचे वाटते. इथिलीन, मद्यार्क आणि कार्बन मोनॉक्साइड यांवर साधे फॉस्फिन घेतलेले पॅलॅडियम एक लहानसे एस्टर देत होते. त्याने दोन हातांचे, म्हणजे धातूला दोन ठिकाणी धरणारे फॉस्फिन घातले मात्र, आणि एस्टरऐवजी पांढरा घट्ट प्लास्टिकचा गोळा मिळाला. इथिलीन एक, वायू एक, इथिलीन एक, वायू एक, अशी न चुकणारी माळ. शेलने ते प्लास्टिक १९९६ मध्ये बाजारात आणले आणि २००० मध्ये मागे घेतले. पण दोन हातांच्या पण खूप गलेलठ्ठ फॉस्फिनने पुन्हा एस्टरच मिळते, तेही जवळजवळ निर्भेळ. त्यावर आधारलेला कारखाना २००८ साली सिंगापुरात सुरू झाला. दुकानांच्या पाट्यांत दिसणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिकचे मूळ द्रव्य तेथे बनते. त्या द्रव्याची जुनी कृती हायड्रोसायनिक आम्लावर, म्हणजे सायनाइडच्या आम्लावर, उभी होती.

एका विषाच्या जागी दुसरे विष, यात काय मिळवले, असेही सभेत विचारले गेले. उत्तर देताना आम्ही भोपाळचे नाव घेतले. १९८४ च्या डिसेंबरमध्ये जो वायू तेथे सुटला तो मिथिल आयसोसायनेट; आणि तो बनविण्यासाठी त्याच कारखान्यात कार्बन मोनॉक्साइड व क्लोरीन यांपासून फॉस्जीन केले जात असे. फॉस्जीन हे पहिल्या महायुद्धातले रणविष. कार्बोनिल जोडी रेणूत बसविण्याचा तो जुना, खात्रीचा आणि भयंकर मार्ग. पॅलॅडियमच्या साह्याने कार्बन मोनॉक्साइड सरळ वापरला तर फॉस्जीन टाळता येते, या आशेने नायट्रो संयुगांपासून आयसोसायनेटे करण्याचे प्रयत्न १९६० नंतरच्या दशकापासून चालू आहेत. ते कारखान्यापर्यंत पोचलेले नाहीत. धातू महाग, तो मालातून वेगळा काढणे अवघड, आणि फॉस्जीन स्वस्त. पॅलॅडियम हा मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिका येथून येणारा धातू. मोटारींच्या धुराड्यात हाच कार्बन मोनॉक्साइड जाळून निरुपद्रवी करण्यासाठी त्याचा सर्वांत मोठा खप होतो, आणि २०१९ च्या सुमारास त्याचा भाव सोन्याच्याही वर चढला होता. कोणत्याही कारखानदाराला या हिशेबात फॉस्जीनच परवडते. शेजारच्या वस्तीत राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही.

जेथे हिशेब जुळला तेथे उडी मोठी आहे. जपानच्या उबे कंपनीने पॅलॅडियमवर कार्बन मोनॉक्साइडपासून ऑक्झॅलिक आम्लाची एस्टरे करण्याची रीत विकसित केली. चीनमध्ये २००९ नंतर अशाच रीतीवर कोळशापासून ग्लायकॉल, आणि ग्लायकॉलपासून पॉलिएस्टरचे कापड, अशी मोठी साखळी उभी राहिली.

लहान प्रयोगशाळेची अडचण मात्र निराळी. ज्या महाविद्यालयात धुराडे नीट चालत नाही तेथे कार्बन मोनॉक्साइडचे नळकांडे ठेवणे म्हणजे शेगडी पुन्हा बंद खोलीत आणणे होय. यावर डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठात ट्रोल्स स्क्रिडस्ट्रुप यांनी २०११ साली एक साधा तोडगा दाखवला. दोन काचेच्या कुप्या वरून एका नळीने जोडलेल्या. एका कुपीत एक घन आम्ल-क्लोराइड असते. पॅलॅडियम त्यातून मोजका कार्बन मोनॉक्साइड सोडवते. तो नळीतून दुसऱ्या कुपीत जातो, आणि तेथे दुसरे पॅलॅडियम हेकच्या रीतीने तो रेणूत बसवते. जितका वायू हवा तितकाच जन्मतो आणि जवळजवळ तितकाच खर्च होतो. नळकांडे नाही, साठा नाही.

याच मोजक्या वायूचा आणखी एक उपयोग रुग्णालयांत होतो. कर्बाचा एक किरणोत्सारी प्रकार, कर्ब-११, त्याचे आयुष्य दर वीस मिनिटांनी अर्धे होते. त्यापासून कार्बन मोनॉक्साइड करून पॅलॅडियमने तो औषधाच्या रेणूत जोडतात, शुद्ध करतात, रुग्णाच्या शिरेत देतात, आणि ते औषध मेंदूत कोठे जाते ते यंत्रावर पाहतात. हे सर्व तासाभरात उरकावे लागते. रसायनज्ञ जिन्याने धावत खाली जातो.

व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या. त्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर होता आणि खिडकी नव्हती. पॅलॅडियमचे त्यांना काही विचारावयाचे नव्हते. खिडकी किती मोठी पाडावी एवढेच विचारावयाचे होते. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवा, असे आम्ही सांगितले, आणि तो बसेपर्यंत दार उघडे ठेवून पाणी बादलीत काढून घ्या, मगच स्नानास जा, असेही.